शमुवेल आल्हाटने केलेली क्षमा

ज्या दिवशी शमुवेल आल्हाट पौडला जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला देऊन आला, त्याच दिवशी त्याच्या पडवीतली शिलाई मशीन गेल्याचं उघडकीला आलं.

दाखल्याचं काम तसं सोपं गेलं नव्हतं. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात अंगठा लावावा लागतो. पण उरवड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळून शमुवेलच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या.

"काका, अंगठा येत नाही," केंद्रातली मुलगी म्हणाली.

"मी आलोय ना."

"तुम्ही येऊन काय उपयोग?"

शेवटी डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाने तो जिवंत ठरला. एसटीतून घरी येताना त्याला जरा बरं वाटत होतं. त्याची बायको रत्नाबाई गेल्याला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्याने पुरं केलेलं हे पहिलंच काम. घरी सांगायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते कंडक्टरला सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "सुट्टे द्या."

पडवीत पाऊल टाकलं आणि त्याला दिसलं, की मशीनचं खालचं लोखंडी स्टँड जागेवर आहे आणि वरची मशीन नाही. पट्टा काढून नीट गुंडाळून ठेवलेला. मशीनवर घालायचा अभ्रा चार घड्या करून ठेवलेला. आणि स्टँडच्या फळीवर, मशीन असायची बरोबर त्या जागी, एक डांगर भोपळा.

ही मशीन रत्नाबाईची. सत्तावीस वर्षं ती तिच्यावर परकर, गोधड्या, शाळेचे गणवेश शिवत आली. संध्याकाळी सातला मशीनचा आवाज सुरू व्हायचा आणि शमुवेल त्या आवाजावर पेपर वाचायचा. आता तो सातला पेपर उघडून बसायचा आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जायला विसरायचा. मशीनला त्याने आठ महिन्यांत हात लावला नव्हता. धूळसुद्धा पुसली नव्हती, कारण ती धूळ तिच्यानंतर बसलेली असली तरी तिच्या मशीनवर बसलेली होती. हा विचार बरोबर की चूक, हे त्याला कळत नव्हतं. एवढ्यात काहीच कळत नव्हतं.

पहिली धावून आली ती शेजारची कृष्णाबाई. तिच्याच रानातल्या दोन गुंठ्यांवर आल्हाटांचं घर होतं, त्यामुळे घरात काय चाललंय हे बघायचा हक्क आपण विकलेला नाही, असं ती धरून चालायची. गावाने तीस वर्षांपूर्वीच शमुवेलचा शामराव केला होता.

"आगं बया! भोपळा ठिवला?" ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "शामराव, ही चोरी न्हाई. ही करणी हाय. हात लावू नगा."

"कृष्णाबाई, आम्ही करणी मानत नाही."

"तुमी मानत न्हाई म्हून ती लागायची ऱ्हाती व्हय? तिठ्यावर टाका, वरनं लिंबू कापा, मागं वळून बघू नगा."

आता शमुवेल हे चार लोकांसमोर म्हणाला नसता, तर त्याने तो भोपळा खरंच तिठ्यावर टाकला असता. पण म्हणून बसला होता. तेव्हा विश्वासाचा मान राखायला भोपळा खाणं भाग होतं. भाजी कशी करतात हे त्याला माहीत नव्हतं. त्याने अर्धा भोपळा सालासकट उकडला, वर तिखटमीठ टाकलं आणि तीन दिवस खाल्ला. चौथ्या दिवशी पोट बिघडलं. कृष्णाबाईने आळीभर सांगितलं, "लागली."

दरम्यान तपास सुरू झाला होता. कृष्णाबाईचे दीर दादासाहेब हे गावचे पोलीस पाटील. गावात भांडणं पुष्कळ, पण सरळ चोरी क्वचित, त्यामुळे ते इस्त्रीचा सदरा घालून आले. स्टँडला प्रदक्षिणा घातली, उरलेल्या भोपळ्यावर टिचकी मारली आणि कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या दुकानात जाऊन कॅमेऱ्याचं चित्रीकरण पाहिलं. कॅमेरा सिमेंटच्या गोण्यांवर रोखलेला असल्यामुळे रस्त्याचा फक्त तळ दिसत होता. दुपारी पावणेबाराला दोन टाचा आल्या आणि वरच्या वाडीच्या वाटेने गेल्या.

"बघा," दादासाहेब म्हणाले. "टाच कशी दाबून पडतीय. डोक्यावर वझं हाय."

"डोकं दिसत नाही पण," शमुवेल म्हणाला.

"टाचंवरनं डोकं वळखायचं, त्यालाच तपास म्हंत्यात. वाडीवरचं मानूस हाय. तुमचा कुनावर संशय?"

वरची वाडी म्हणजे डोंगराच्या सोंडेवरची वीसेक घरं. भातलावणीला, कापणीला, बांधकामावर रोजाने जाणारी माणसं. गावात कोंबडी हरवली तरी आधी वाडीकडे बघायची पद्धत. शमुवेलला हे माहीत होतं. रत्नाबाई असती तर फाडकन म्हणाली असती, "पाटील, टाचा तुम्हालाही आहेत." शमुवेलला हे वाक्य दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या वेळी तो नुसता म्हणाला, "आता काय सांगणार."

दादासाहेबांनी तो संशय समजून लिहून घेतला.

रविवारी तो पिरंगुटला उपासनेला गेला. एका हार्डवेअरच्या गाळ्यावरचा हॉल, खाली सतरंज्या, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मंडळीचे पास्टर विकास हे बत्तीस वर्षांचे, आधी हिंजवडीला कंपनीत होते. त्यांना सगळं वेळेवर आणि उत्साहात लागायचं. उपदेशानंतर त्यांनी विचारलं, "आज कोणाला साक्ष द्यायची आहे?"

साक्ष म्हणजे आठवड्यात प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. आजार बरा झाला, मुलाला नोकरी लागली. आल्हाटांच्या घरची साक्ष नेहमी रत्नाबाई द्यायची. शमुवेल तीस वर्षं "आमेन" म्हणत आला होता आणि आपला वाटा एवढाच आहे, असं त्याचं ठाम मत होतं.

नेमकं त्याच क्षणी मांडी घालून त्याच्या पायाला मुंग्या आल्या. तो पाय झटकायला उभा राहिला.

"प्रेज द लॉर्ड!" पास्टर ओरडले. "शमुवेलभाऊ उभे राहिले!"

साक्षीला उभा राहिलेला माणूस तसाच खाली बसत नाही. बसला तर प्रभूने आठवड्यात काहीच केलं नाही, असा अर्थ होतो. साठ माणसं त्याच्याकडे बघत होती. बायकांच्या बाजूची रत्नाबाईची जागा कुणीतरी पर्स ठेवून धरली होती. शमुवेलने तोंड उघडलं आणि मशीनची चोरी सांगितली. सांगून झाल्यावर लक्षात आलं, की साक्षीचा शेवट चांगला व्हावा लागतो. 'माझी मशीन चोरीला गेली, हालेलुया' असं म्हणून चालत नाही. त्याने घाईघाईने डोक्यात शोधलं आणि डोंगरावरच्या प्रवचनातलं सापडलं ते पुढे केलं.

"तर प्रभू म्हणतो, तुझी बंडी नेली तर त्याला अंगरखाही घेऊ दे. म्हणून... म्हणून वरच्या वाटेने गेलेल्या माझ्या त्या बंधूला मी क्षमा केली आहे. आणि उरलेलं स्टँड, तेही त्याचं. त्याने यावं आणि घेऊन जावं."

हॉल दणाणला. एक म्हातारी पदराने डोळे पुसू लागली. पास्टरांनी त्याला मिठी मारली. दोन मिनिटं शमुवेलला असं वाटलं, की आपण फार चांगला माणूस आहोत आणि हे आपल्या आधी कसं लक्षात आलं नाही. ते वाटणं पिरंगुटच्या स्टॉपपर्यंत टिकलं. बसमध्ये बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की ज्या पट्टीवर रत्नाबाईचे पाय सत्तावीस वर्षं हलले, ती पट्टी आपण साठ माणसांसमोर देऊन टाकली.

घरी पोचेपर्यंत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो आला होता. तोंड उघडं, एक पाय वाकडा. खाली लिहिलं होतं : 'चोराला क्षमा! उरलेलं स्टँडही चोरालाच! शेअर करा.'

संध्याकाळी त्याने रत्नाबाईचं बायबल काढलं. आपण केलं ते बरोबर आहे का, एवढंच बघायचं होतं. एका पानावर होतं, तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या. त्याला हायसं वाटलं. पान उलटलं तर तिथे, दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. इथे तर एकशे बारा मेंबरांना कळलं होतं आणि त्यातल्या चाळीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. या दोन पानांच्या मधल्या जागेत रत्नाबाई इतकी वर्षं कशी काय बिनबोभाट राहिली, हे त्याने कधी तिला विचारलं नव्हतं. तिने दोन्ही पानांवर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

मंगळवारी सकाळी भिकू आला. भिकूची फाट्यावर चहाची टपरी. तो पडवीत उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "मामा, म्याच चोर."

शमुवेलने हातातला कप खाली ठेवला. "तू? अरे भिकू, तू चोरलीस?"

"चुकी झाली. स्टँड कवा नेऊ?"

"आधी सांग, मशीन कुठंय?"

"इकली."

"रंग कुठला होता?"

"अंधारात दिसला न्हाई."

"अरे, चोरी भर दुपारी झाली."

"मग उनानं डोळं दिपलं आसतील." भिकू स्टँडची उंची वितीने मोजू लागला. "मामा, खरं सांगतो, स्टोव्ह ठिवायला अक्षी बेताचं हाय. तुमाला चोरालाच द्यायचंय ना? मग मी झालो चोर. तुमचं बी काम झालं, माझं बी झालं."

भिकू खोटं बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण खोटं बोलतोस म्हणावं, तर 'न्याय करू नका' असं लिहिलेलं आहे. शिवाय, 'जो मागतो त्याला दे' हेही लिहिलेलं आहे, आणि तिथे चोराला की चहावाल्याला, असा काही खुलासा नाही. शमुवेल म्हणाला, "गुरुवारी ये." एकतीस वर्षं स्टोअरमध्ये त्याने नड असलेल्या माणसाला हेच उत्तर दिलं होतं.

दुपारी नव्या सोसायटीजवळ ब्यूटी पार्लर चालवणारी रेश्मा आली. ती निदान सरळ होती. "काका, चोर मीच आहे असं समजा ना. मला आरसा बसवायचाय त्याच्यावर. खाली पायडल दिसलं की कस्टमरला आवडतं."

बुधवारी त्याच सोसायटीतल्या एका साहेबांचा फोन आला. "अंकल, तुमची पोस्ट फॉरवर्ड होऊन आली. स्टँड व्हिंटेज आहे म्हणे. बाल्कनीत टेबल करायचंय. ते चोरीचं वगैरे काय असेल ते मी फॉर्मॅलिटी म्हणून ॲक्सेप्ट करतो. उद्या टेम्पो पाठवू?"

अशा रीतीने एका मशीनला तीन चोर झाले आणि मशीनचा पत्ता नव्हता. शमुवेलची रात्रीची झोप गेली. खरं सांगायचं तर त्याला यातल्या कुणालाच स्टँड द्यायचं नव्हतं. खऱ्या चोरालाही द्यायचं नव्हतं. त्याला मशीन परत हवी होती. हे त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं, आणि प्रार्थनेतसुद्धा तो ते जरा बाजूने सांगायचा.

दादासाहेब म्हणाले, "कागद करा. उद्या खरा चोर आला आन म्हनला, माझं स्टँड कुटं, तर काय सांगनार? आन त्यो आला, तर आमाला त्याला धरावा लागंल, त्ये निराळंच."

"मी तक्रार दिलेली नाही."

"तुमी क्षमा केली, ती तुमची भानगड. गावची इज्जत माझ्याकडं हाय. माझं मी बघतो."

त्याने म्हणायला हवं होतं की काही बघू नका. पण शमुवेल कागदाच्याच विचारात होता. गुरुवारी सकाळी तो पुन्हा पौडला गेला.

तहसील कचेरीबाहेर ताडपत्रीखाली अर्ज टाईप करून देणारा एक माणूस बसतो. त्याने चष्मा वर केला. "काय करायचंय? बक्षीसपत्र, हक्कसोड, संमती, ना-हरकत?"

"एक वस्तू द्यायची आहे."

"मग बक्षीसपत्र. घेणाऱ्याचं नाव?"

"ते माहीत नाही. चोर आहे तो."

टाईप करणाऱ्याची बोटं थांबली. "वडिलांचं नाव?"

"तेही माहीत नाही."

"धंदा?"

"आता तोच. चोरी."

"चोरी लिहिता येत नाही. 'मजुरी' लिहू?"

"नको," शमुवेल म्हणाला. का नको ते त्याला नीट सांगता आलं नाही. मजुरी म्हटलं की त्याला वाडी दिसली.

"बरं. वस्तूची पावती कोणाच्या नावावर आहे?"

"बायकोच्या. रत्नाबाई शमुवेल आल्हाट."

"मग बाईंची सही लागेल. येतील का?"

इतका साधा प्रश्न शमुवेलला आठ महिन्यांत कुणी विचारला नव्हता.

"नाही येणार," तो म्हणाला. "मार्चमध्ये वारल्या."

टाईप करणाऱ्याने कीबोर्डवरून हात काढले. आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याच्यापुढे ठेवला. "आजोबा, एका स्टँडसाठी कागद कशाला करताय? द्यायचं तर द्या. नाही द्यावंसं वाटत तर ठेवा."

"द्यावंसं वाटत नाही. पण ठेवता येत नाही. साक्ष दिलीय."

"कोर्टात?"

"चर्चमध्ये."

"मग आमच्याकडे नमुना नाही," तो माणूस म्हणाला, आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

शमुवेल दुपारी घरी आला तर अंगणात जत्रा भरली होती. साहेबांचा टेम्पो दारात. भिकूने स्टँडचा एक पाय धरलेला, रेश्माने दुसरा.

"आदी म्या कबूल केलंय!" भिकू म्हणत होता. "मंगळवारी सकाळी! ही दुपारची चोर हाय!"

"काका मला हो म्हणाले होते!"

"काका सगळ्यास्नीच व्हय म्हंत्यात!"

टेम्पोवाला हिंदीत विचारत होता की ह्यातला ओरिजिनल चोर कोण, त्याला दुसरं भाडं होतं. कृष्णाबाई मध्ये उभी राहून सगळ्यांना बजावत होती, की स्टँडवर करणी आहे, नेणाऱ्याचं पोट जाईल. "शामरावांचं इचारा!" आणि शमुवेल, जो आठ दिवसांपूर्वी एक दुःखी पण इभ्रतदार माणूस होता, आपल्याच फाटकातून आत यायला वाट मागत होता.

एवढ्यात वरच्या वाटेने दादासाहेब उतरताना दिसले. छाती पुढे, चेहरा असा की जणू वाघ मारून आणलाय. त्यांच्यामागे डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काळी मशीन, अशी एक बाई ताठ मानेने येत होती.

"घावली!" दादासाहेबांनी लांबूनच आरोळी दिली. "सकाळधरनं वाडी हुडकली. घर ना घर. उतरंड्या उतरवल्या. हिच्या घरात घावली!"

बाई अंगणात आली. मशीन घ्यायला भिकू पुढे झाला, तर ती म्हणाली, "हात लावू नगं. म्या नेली, म्याच ठिवती." तिने मशीन स्टँडवर बसवली. स्क्रू पदराच्या गाठीत होते, ते काढून दोन्ही बाजूंनी पिळले. गुंडाळलेला पट्टा उलगडून चाकावर चढवला. एवढं सफाईने, की ती मशीन तिने आधी शंभरदा उघडली-जोडली असणार हे कुणालाही कळलं असतं. मग ती शमुवेलकडे वळली.

"वळखलं का, दादा?"

त्याने चेहरा पाहिला होता. पडवीत, रत्नाबाईच्या शेजारी बसलेली. पण तो पेपर वाचत असायचा.

"म्या तुळजाबाई. बाईंनी मला शिवायला शिकिवलं. दवाखान्यात म्हनल्या, माझ्यामागं मशीन तू ने. बाई गेल्यावर धाव्या दिशी आले व्हते मी. तुमास्नी इचारलं, दादा, मशीन नेऊ का? तुमी म्हनला, ने. म्या म्हनलं, कवा नेऊ? तुमी म्हनला, कवाबी ये. मग पावसाळा लागला, वाट निसरडी. म्हनलं, भातकापणी उरकू दे. आले तर तुमी घरात न्हाई. वरची तेवढी नेली, खालचं दोन बाप्ये आनून नेनार व्हते."

शमुवेलला काही आठवेना. आणि आठवेना म्हणूनच ते खरं असणार हे त्याला कळलं. त्या पंधरा दिवसांत जो आला त्याला तो हो म्हणत होता. त्याच हो-हो मध्ये त्याने पाणी शुद्ध करायचं यंत्र घेतलं होतं, कृष्णाबाईला कुंपण दोन फूट आत घ्यायला परवानगी दिली होती आणि एका भजनी मंडळाचं सभासदत्व स्वीकारलं होतं. ते मंडळ पुढे महिनाभर, आल्हाट येणार म्हणून टाळ राखून होतं.

"आणि भोपळा?" त्याने विचारलं. विचारण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं, पण तोंडातून हेच आलं.

"आमच्यात चालती वस्तू नेली की जागा रिकामी ठिवत न्हाईत. कायतरी घरचं ठिवायचं. बाईंला म्हाईत हाय. दर साली देत व्हते की मी."

म्हणजे दर वर्षी दिवाळीनंतर घरात भोपळा असायचा. घाऱ्या व्हायच्या. शमुवेलने त्या वीस वर्षं खाल्ल्या होत्या आणि भोपळा कुठून आला हे कधी विचारलं नव्हतं. कृष्णाबाईने पदर तोंडाला लावला आणि ती एकाएकी आपल्या गोठ्यात काम असल्यासारखी निघून गेली. टेम्पोवाल्याने टेम्पो वळवला. बाकीचे दोन चोरही हळूहळू पांगले.

"तुळजाबाई," शमुवेल म्हणाला, "मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं."

"नाव घ्याला लागतंय व्हय? वरच्या वाटंनं गेला म्हनल्यावर आमीच की. माझ्या भाचीच्या मोबाईलवर आलंय, शामरावानं चोराला क्षमा केली. समद्या वाडीनं वाचलं. आन आज ह्यांनी माझी भांडी अंगनात मांडली."

"मशीन तुमचीच आहे. घेऊन जा. आत्ता, दोन्ही घेऊन जा. मी क्षमा..." इथे तो थांबला, पण उशीर झाला होता.

"दिलेली म्हनून नेली व्हती, दादा," तुळजाबाई म्हणाली. "क्षमा केलेली न्हाई न्यायची मला."

तिने चुंबळ सोडली, ते फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि वरच्या वाटेला लागली. दादासाहेब तिच्या पाठीकडे बघत म्हणाले, "कागद असता तर ही येळच आली नसती."

संध्याकाळी पास्टर विकासचा फोन आला. त्यांना कुठून तरी अर्धीच बातमी कळली होती. ग्रुपवर टाकूनही झालं होतं : 'क्षमेचं सामर्थ्य! चोराने मशीन परत आणून दिली!' शमुवेलने त्यांना सगळं सांगितलं. पास्टर म्हणाले, "भाऊ, दीडशे लोकांनी शेअर केलंय." पण माणूस वाईट नव्हता. थोड्या वेळाने त्यांनीच परत फोन केला. "मी पोस्ट काढली. रविवारी तुम्ही उभे राहा. खरं काय ते सांगा."

त्या रविवारी शमुवेल पायाला मुंग्या नसताना उभा राहिला. चोरी झालीच नव्हती, शब्द मीच दिला होता, जिला चोर म्हणालो ती बाई निर्दोष आहे, पाटील वाडीकडे निघाले तेव्हा मी गप्प बसलो, हे सगळं त्याने सरळ सांगितलं. हॉल पुन्हा दणाणला. "काय ही नम्रता!" मागून कुणीतरी म्हणालं. त्याच म्हातारीने पुन्हा डोळे पुसले. घरी येईपर्यंत ग्रुपवर हात जोडलेली चित्रं मागच्या वेळेपेक्षा जास्त आली होती. ज्या गोष्टीची लाज वाटावी तिच्यासाठीच लोक आपल्याला हार घालतायत, याचं काय करायचं, हे त्याला कळेना. त्याने बायबल काढलं. तिथे लिहिलं होतं, की वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. ही ओळ त्याने शंभरदा ऐकली होती. ती जाण्याच्या वाटेबद्दल आहे, आणि वाट चढाची आहे, हे त्याला नवं होतं.

क्षमा करायचं काम त्याला जमलं होतं, कारण समोर कुणी नव्हतं. क्षमा मागायची त्याला सवय नव्हती. घरातली ही कामं रत्नाबाई करायची. शेजाऱ्याशी काही झालं की तीच वाटीभर काहीतरी घेऊन जायची आणि येताना रिकामी वाटी आणि मिटलेलं भांडण घेऊन यायची. ती तिथे जाऊन नेमकं काय बोलायची?

मंगळवारी तो वाडीवर चढून गेला. अर्ध्या वाटेत तीनदा बसला. वर पोचला तर तुळजाबाई कामाला गेलेली.

शुक्रवारी पुन्हा गेला. ती घरी होती. तिने घोंगडी टाकली, कोरा चहा दिला. शमुवेलने विचारलं, भात किती झालं. ती म्हणाली, बरं झालं. त्याने विचारलं, वाटेला खडी कधी टाकणार. ती म्हणाली, मतं मागाया येत्याल तवा. पलीकडच्या घरातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. ओट्यावर नव्याने रचलेली उतरंड होती. सगळ्यांत खालच्या मडक्याचा काठ फुटलेला होता आणि तो फुटका काठ भिंतीकडे करून ठेवला होता. शमुवेलने चहा संपवला. तोंड उघडलं. "चहा चांगला झालाय," तो म्हणाला, आणि उतरायला लागला.

मशीन पडवीत आहे. तुळजाबाईने ती नेलेली नाही, आणि शमुवेलने दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. दादासाहेबांना त्याने तोंडावर सांगितलं, की वाडीवर जाऊन फुटलेल्या मडक्याची भरपाई द्या. ते बघतो म्हणालेत. कृष्णाबाईने दोन फूट आत घेतलेलं कुंपण आहे तिथेच ठेवलं आहे. पास्टर दर रविवारी नजरेनेच विचारतात, क्षमा मागून झाली का, आणि शमुवेल मान हलवून नाही म्हणतो. तुळजाबाईच्या समोर उभं राहून 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द म्हणायचे अजून राहिलेले आहेत.